दऱ्या, दर्या आणि उघडा हर्फ

खर्डा म्हटले की लोकांना १७९५ ची लढाई आठवते. सवाई माधवरावांच्या काळात, नाना फडणवीसांच्या कारभारात मराठी फौजांनी इथे निजाम अलीचा पराभव केला. हा धडा शिकवताना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. निजामाचा दरबार फारसीत लिहीत होता, पुण्याचे दप्तर मोडीत होते. पण फौज, दप्तर, कारकून हे शब्द दोन्हीकडे चालत. लढाईमुळे शब्दांची ये-जा थांबली नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. काही वर्षांपूर्वी मराठीची प्रश्नपत्रिका छापून आली, तेव्हा तिच्यात 'सह्याद्रीच्या दऱ्या' ऐवजी 'सह्याद्रीच्या दर्या' असे होते. एका मुलाने हात वर केला, "सर, सह्याद्रीत समुद्र कुठून आला?" त्याचे बरोबर होते. दर्या हा फारसी शब्द, अर्थ समुद्र. दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. फरक फक्त 'र' कसा जोडला याचा.

हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज पडत नाही, मराठीला पडते. युनिकोडमध्ये 'ऱ' ला वेगळी जागा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. फाँटमध्ये ते जोडरूप हवे आणि अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला नियम माहीत हवा. नाहीतर पाय मोडलेला 'ऱ' वेगळाच उभा दिसतो.

अक्षरे जुळवणारा असा एक प्रोग्रॅम म्हणजे हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत तोच काम करतो. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद यांनी तो घडवला. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. (आपल्या 'दगाबाज'मधला बाज वेगळा.) उर्दूत 'बे' शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा दिसतो, मराठीत ऱ्हस्व इकार टंकला जातो नंतर, दिसतो आधी. ही दोन्ही कामे हा एकच प्रोग्रॅम करतो.

त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले, आणि अनोळखी माणसांनी मिळून प्रोग्रॅम लिहिण्याची रीत रुळली. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फाँट खुले केले, त्यांवर तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी काम केले.

या कामाची पद्धत उर्दूवाल्यांना लगेच कळेल. शागीर्द गझल उस्तादांना दाखवतो, उस्ताद इस्लाह करतात. इथेही कोडची प्रत घ्यायची, एकच दोष निवडायचा, बदल करायचा, तपासायचा आणि कारण लिहून पाठवायचा. कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या हे स्पष्ट दिसते. सांभाळणारे प्रश्न विचारतात, परत पाठवतात, पटले तर सामील करून घेतात. बदल कोणी, कधी, का केला याची नोंद कायम राहते. या नोंदीसाठी बहुतेक जण गिट वापरतात, जे टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिले.

मला कोड लिहिता येत नाही. पण दऱ्या आणि दर्या यांतला फरक मला कळतो, आणि दूर देशात बसलेल्या हुशार प्रोग्रॅमरला तो आपोआप कळणार नाही. आपण सांगितले नाही तर दोष तसाच राहतो, आणि मुले चुकीचे अक्षरच बरोबर समजून मोठी होतात. उर्दूचेही तेच.

म्हणून माझी विनंती. मोबाइलवर एखादा शब्द मोडलेला दिसला तर 'आपल्या भाषेचे असेच चालायचे' म्हणून सोडू नका. शब्द, प्रोग्रॅम, फाँट, कसा दिसतो आणि कसा दिसायला हवा, एवढे लिहून पाठवा. हेही योगदानच आहे. ज्यांची मुले कॉम्प्युटर शिकत आहेत त्यांनी पुढची पायरी त्यांना दाखवावी.

हात वर करणारा तो मुलगा आमच्याच वर्गातला होता. दोन्ही भाषा येत होत्या, म्हणूनच त्याला चूक दिसली.