आकृतीची मालकी

डोंगरकड्यासारख्या गावी सप्ताहात अहोरात्र खांद्यावर वागविली जाणारी वीणा कोणत्या कारागिराची, हे कोणी पुसत नाही. आकृती परंपरेची, आणि परंपरेचा दस्तऐवज नसतो. मिरजेस एकोणिसाव्या शतकात, संस्थानी अमदानीत, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब दुरुस्तीस आलेली वाद्ये न्याहाळीतच तंबोरे घडविण्यास शिकले, म्हणजे आरंभ अनुकरणातूनच झाला. अमेरिकेत १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या देहाकृतीवर फेंडर कंपनीने सांगितलेला हक्क, ती आकृती सार्वत्रिक झाल्याच्या कारणास्तव, २००९ मध्ये नामंजूर झाला. मला तो निवाडा न्याय्य वाटतो. भोपळ्याचा घेर कोणीही उतरवून घ्यावा. परंतु घोडीवर कानस हलकेच फिरवीत, तार गुंजेपर्यंत काढलेली जवारी नकलेने साधत नाही, आणि नकलेवर मिरजेचे नाव घालणे ही तर सरळ लबाडीच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास मिळालेले भौगोलिक मानांकन या नावापुरतेच आहे.