एका बैलाची घरगुती जुपणी

एकाच बैलाला कोळप्यासारखे हलके औत जुपायचे तर जोडीचे जू उपयोगी पडत नाही. त्याऐवजी वशिंडाच्या पुढे बसणारे, मानेच्या बाकाचे आखूड लाकूड घरीच तासून घेतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर कुशीबाहेरून मागे नेऊन आडव्या दांडक्याला बांधतात आणि दांडक्याच्या मध्याला औत अडकवतात. दांडके बैलाच्या अंगाहून रुंद हवे, नाहीतर दोर कातडी सोलतात. गळ्याखालचे जोते सैल असावे, त्यातून हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. आवळले तर श्वास कोंडतो. सर्वांत जपायचा तो खांदा. लाकडाला गाठ किंवा कंगोरा राहिला की खांदेसूज येते आणि ऐन हंगामात बैल दावणीला राहतो. इथे काटकसर वा घाई करूच नये.

कर्नाटकातला हळ्ळीकार बैल चपळ व काटक; महाराष्ट्रातील खिलारही त्याच्याच म्हैसूर गटातला. सलग कामात बैलाची ओढ वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी धरतात, म्हणजे ३५० किलोच्या बैलामागे सुमारे ३५ किलो. या जुपणीत मागचा भार रोखण्याची सोय नसते, म्हणून उतारावर ती गाडीला लावत नाहीत.