डासाच्या पायांवरून: वृद्धिनियामकांच्या कीटकवाही प्रसाराचा इतिहास

कीटकनाशकांचा इतिहास बहुधा रसायनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते द्रव्य कोणत्या साली सापडले, त्याने किती कीटक मेले आणि किती वर्षांनी ते निष्प्रभ ठरले, या क्रमाने त्यातील प्रकरणे पडतात. प्रस्तुत विषयापुरता तरी हा क्रम दिशाभूल करणारा आहे. डासाच्याच द्वारे डासाच्या अळ्यांपर्यंत औषध नेण्याची जी पद्धती 1990 नंतर आकारास आली, तिच्यातील द्रव्य आधीपासून हाताशी होते. घोडे अडले होते ते योग्य त्या भांड्यापर्यंत पोहोचण्यापाशी.

ही अडचण जुनीच होय. पीतज्वर व डेंग्यू यांचा वाहक असलेला एडीस इजिप्ती हा डास मनुष्याच्या घरादारातील साचलेल्या पाण्यात वाढतो. रांजण, पिंप, फेकून दिलेला टायर, थडग्यावरील फुलदाणी, काहीही त्याला चालते. ब्राझीलमध्ये फ्रेड सोपर यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे निरीक्षक घरोघर जाऊन असे प्रत्येक भांडे तपासीत, आणि निरीक्षकांच्या कामावर पुन्हा दुसरे निरीक्षक असत. 1958 साली ब्राझील व पेरू हे देश या डासापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मुक्ती टिकली नाही. पेरूतील इकीतोस या ॲमेझॉनकाठच्या शहरात हा डास 1984 मध्ये पुन्हा आढळला, व 1990 साली तेथे डेंग्यूची साथ उद्भवली. निरीक्षकाच्या नजरेतून सुटलेले एक भांडे वस्तीला पुन्हा डास पुरविण्यास पुरेसे असते. आणि अशी भांडी माणसापेक्षा डासाच्या मादीलाच अधिक अचूक सापडतात.

द्रव्याची कथा याहून निराळ्या वाटेने आली. व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी 1930 नंतरच्या दशकात ऱ्होडनियस या रक्तशोषक कीटकावर प्रयोग करून, त्याच्या डोक्यातील एका सूक्ष्म ग्रंथीचा स्राव त्याला प्रौढ होऊ देत नाही, असे दाखविले. हार्व्हर्ड विद्यापीठातील कॅरोल विल्यम्स यांनी 1956 साली हे हॉर्मोन सेक्रोपिया पतंगाच्या नराच्या उदरातून अर्करूपाने मिळविले. पुढे प्रागहून हार्व्हर्डला आलेले कारेल स्लामा यांचे कीटक तेथे काही केल्या प्रौढ होईनात. त्याचे कारण 1965 मध्ये प्रसिद्ध झाले: पिंजऱ्यात अंथरलेल्या अमेरिकन कागदात हॉर्मोनसारखे कार्य करणारे एक वनस्पतिद्रव्य होते, आणि लंडनच्या वृत्तपत्रांच्या कागदात ते नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात असे सुदैवी अपघात थोडे! स्वतःच्याच हॉर्मोनला कीटक प्रतिकार करू शकणार नाहीत, अशी आशा विल्यम्स यांनी 1967 साली व्यक्त केली. ती फार काळ टिकली नाही. 1972 मध्येच काही कीटकनाशक-प्रतिकारक घरमाश्यांत अशा द्रव्याविरुद्धही प्रतिकार दिसून आला.

तथापि या द्रव्यवर्गाचा एक गुण कायम राहिला. सुमितोमो या जपानी कंपनीने तयार केलेले पायरीप्रॉक्सिफेन पाण्यात अब्जांशाच्या प्रमाणातही एडीसच्या कोषांतून प्रौढ डास बाहेर पडू देत नाही. मात्र अळ्या तत्काळ मरत नाहीत; त्या वाढतात, खातात, आणि बहुतेक कोषावस्थेत नष्ट होतात. म्हणून अळ्या मोजून या औषधाचे यश ठरवू पाहणारा निरीक्षक हमखास फसतो. उलट, जिवंत राहिलेल्या त्या अळ्या नव्या अळ्यांच्या अन्नात वाटेकरी होतात, हा लाभच म्हणावयाचा.

इतकी अल्प मात्रा पुरत असेल तर ती डासाच्या पायांवरूनही जाऊ शकेल, हा विचार येथूनच निघतो. त्सेत्से माशीच्या बाबतीत असे काहीसे आधीच घडले होते. ही माशी एकेक अळी स्वतःच्या उदरात वाढविते. त्यामुळे मातेला झालेला स्पर्शच संततीला भोवतो. हारग्रोव्ह व लँग्ली यांनी झिंबाब्वेतील यशस्वी क्षेत्रप्रयोगाचा वृत्तांत 1990 साली प्रसिद्ध केला. परंतु तेथे औषध मातेपाशीच थांबते. डासाच्या बाबतीत ते मातेकडून पाण्यात उतरावे लागते. इतोह व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखविले की, औषध लावलेल्या पृष्ठभागावर बसलेल्या, रक्त प्यालेल्या एडीस माद्या ते द्रव्य अंडी घालण्याच्या पाण्यात नेतात.

याची खरी कसोटी इकीतोसलाच लागली. ग्रेगर डिव्हाइन व सहकाऱ्यांनी तेथे औषधाची भुकटी लावलेली विसावास्थाने ठेवली. डास बसू शकतील अशा जागेपैकी शेकडा 3 ते 5 इतकाच भाग त्यांनी व्यापला होता. तरीही निरीक्षणासाठी ठेवलेल्या जवळजवळ सर्व जलपात्रांत औषध पोहोचले, आणि प्रौढ डासांच्या निर्मितीत शेकडा 42 ते 98 घट झाली. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. याचे मर्म मादीच्या सवयीत आहे: एडीसची मादी आपली अंडी एकाच पात्रात न घालता अनेक पात्रांत विखुरते. ज्या सवयीमुळे निरीक्षक हरला, तीच येथे कामी आली. माद्यांना अधिक प्रिय असलेल्या पात्रात औषधही अधिक साचते.

यात एक पेच आहे, आणि तो माझ्या मते पुरेसा चर्चिला गेलेला नाही. डास कमी झाले की हरकारेही कमी होतात. म्हणूनच डिव्हाइन यांच्या गणिती प्रतिमानात औषधाच्या टिकाऊपणाला एवढे महत्त्व आले. शिवाय ॲनॉफेलिसच्या कित्येक जाती मोठ्या जलाशयांत वाढतात, तेथे पायांवरची धूळ विरून जाण्याची भीती असते. टांझानियातील 2014 चा ॲनॉफेलिस अरेबिएन्सिसवरील प्रयोग यशस्वी झाला खरा, पण तो जाळीबंद आवारात.

ब्राझीलमध्ये मानाकापुरू शहरात अबाद-फ्रांक, लुझ व सहकाऱ्यांनी 1,000 विसावास्थाने मांडली. डासांच्या अपक्वावस्थेतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 2 ते 7 वरून 80 ते 90 वर गेले. हा वृत्तांत 2017 सालचा. तत्पूर्वीच, फेब्रुवारी 2016 मध्ये, झिकाच्या साथीतील अर्भकांच्या मस्तकदोषाचे खापर या औषधावर फोडले गेले, आणि रिओ ग्रांदे दो सुल या राज्याने पिण्याच्या पाण्यातील त्याचा वापर थांबविला. रेसिफे शहरात ते वापरलेच गेले नव्हते, तरी तेथे असे रुग्ण होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. मानाकापुरूच्या वृत्तांतात साथ रोखली जाण्याचा जो निष्कर्ष आहे, तो मात्र गणिती प्रतिमानाचा आहे. प्रत्यक्ष मोजले गेले ते डास, रुग्ण नव्हेत.