शिंगटी

शिंगटी : गोड्या पाण्यातील एक लहान, निशाचर मासा. कुल बॅग्रिडी, शास्त्रीय नाव मिस्टस सिंगटी. गोदावरी, भीमा व कृष्णा या नद्यांत आणि त्यांच्या खोऱ्यांतील ओढ्या-तलावांत आढळतो.

लांबी बहुधा वीतभर. अंगावर खवले नसतात; कातडी बुळबुळीत, पाठीकडे करडी, पोटाकडे रुपेरी. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असून वरच्या जबड्याची जोडी सर्वांत लांब असते. पाठीच्या परामागे लगेच लांबट, मांसल मेदपर सुरू होतो.

सवयी : दिवसा दगडांच्या कपारीत किंवा पाणवनस्पतींच्या मुळाशी दडून राहतो, अंधार पडला की तळालगत फिरू लागतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा मिशांवर भिस्त असते, कारण त्यांवर चवीच्या कळ्या असतात. अळ्या, लहान झिंगे, माशांची पिल्ले, शेवाळ असे मिळेल ते खातो. पाठीचा एक व छातीचे दोन काटे उभे करून हा मासा ते घट्ट अडकवून ठेवू शकतो. त्यामुळे भक्षकाला गिळणे अवघड जाते आणि जाळ्यातून सोडवताना हाताला काटा लागून ठणका लागतो.

प्रजनन : पावसाळ्यात.

वर्गीकरण : मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 मध्ये या जातीचे वर्णन लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात प्रसिद्ध केले. स्थानिक नाव जसेच्या तसे लॅटिनीत घेण्याची त्यांची पद्धत होती. ‘इचकिया’, ‘टाकरी’ ही नावेही त्यांचीच. वर्णने मात्र त्रोटक. पुढे ही जात हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातून वर्णिलेल्या मिस्टस कॅव्हेसियसमध्ये विलीन केली गेली आणि ते मत दीर्घकाळ टिकले. 2005 मध्ये चक्रवर्ती व एनजी यांनी नमुन्यांची तुलना करून द्वीपकल्पातील मासा वेगळा ठरवला. साइक्स यांना न्याय देणारा हा निर्णय येथे ग्राह्य धरला आहे.

उपयोग : कालवणासाठी, स्थानिक बाजारात विक्री.

दख्खनमधील जुन्या याद्यांत ‘कॅव्हेसियस’ दिसल्यास तो बहुधा शिंगटीच समजावा. मात्र गंगेकडील माशाचे आकारमान व अंड्यांची संख्या शिंगटीला लावू नये. संग्रहालयांतील आणि महाविद्यालयांतील जुन्या नावाचे नमुने प्रत्यक्ष तपासून त्यांच्या चिठ्ठ्या बदलणे आवश्यक आहे.