झुरळनाशक फवाऱ्याची कसोटी : उताणे पडणे म्हणजे मरणे नव्हे

फवारा मारताच झुरळ उताणे पडले की औषध जालीम, असा सर्वसाधारण समज आहे. प्रयोगशाळेत मात्र तीन गोष्टींची स्वतंत्र मोजणी होते : झुरळ फटीतून किती लवकर बाहेर येते, किती वेळात निकामी होते आणि अखेरीस मरते का.

पहिल्या गुणाला ‘फ्लशिंग’ म्हणतात. कृत्रिम फटी असलेल्या खोक्यात झुरळांना आधी स्थिरावू देतात. नंतर ठरावीक मात्रेत फवारणी करून, ठरावीक अंतराने बाहेर पडलेल्या झुरळांची संख्या नोंदवतात. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम आणि त्याच धर्तीवर बनवलेली पायरेथ्रॉइड रसायने मज्जातंतूंना उत्तेजित करतात. त्यामुळे झुरळ बेचैन होऊन लपण्याची जागा सोडते.

दुसरा गुण ‘नॉकडाऊन’. उताणे पडलेले आणि पुन्हा सरळ होऊ न शकणारे झुरळ निकामी धरतात. निम्मी झुरळे या अवस्थेस पोहोचण्यास लागणाऱ्या काळास ‘केटी-५०’ अशी संज्ञा आहे. हा काळ जितका कमी, तितका फवारा शीघ्र.

शीघ्र म्हणजे मारक, असे मात्र नव्हे. म्हणून निकामी झुरळे स्वच्छ भांड्यात हलवून, अन्नपाणी देऊन, साधारणतः २४ तासांनी मृतांची गणना करतात. काही झुरळे शरीरातील विकरांच्या साहाय्याने विष निष्प्रभ करून पुन्हा चालू लागतात. या विकरांना अटकाव करण्यासाठीच अनेक फवाऱ्यांत पिपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळलेले असते.

तुलना न्याय्य ठरण्यासाठी एकाच जातीची, शक्यतो प्रौढ नर झुरळे घेतात. तापमानही स्थिर राखतात; कारण थंडीत पायरेथ्रॉइडांचा प्रभाव सहसा वाढतो. कीटकनाशकाविना ठेवलेल्या गटातही काही झुरळे मरतात. त्यांचा हिशेब वजा करण्यासाठी ॲबट यांनी १९२५ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरले जाते.

चाचणीतील झुरळे बहुधा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली, औषधाला सहज बळी पडणारी असतात. स्वयंपाकघरातील लहान, तपकिरी जर्मन झुरळांत पायरेथ्रॉइडविरोधी प्रतिकारशक्ती जगभर आढळली आहे. शिवाय तिच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात आणि कोशाच्या कवचामुळे फवारा आत सहजी पोहोचत नाही. अपुऱ्या मात्रेने बाहेर हाकललेली झुरळे शेजारच्या खोलीत वा घरात आसरा घेतात, हा फ्लशिंगचा दुसरा पैलू.

यास्तव घरच्या घरी परीक्षा घ्यावयाची तर घड्याळ लावू नये. फवारणीपूर्वी ओट्याखाली, सिंकजवळ चिकट सापळे ठेवून एका रात्रीत अडकलेली झुरळे मोजावीत. आठवड्याने त्याच जागी पुन्हा मोजावीत. संख्या घटली नसेल, तर तोच फवारा अधिक मारण्याऐवजी जेल स्वरूपातील विषारी आमिष वापरावे. मात्र त्याच्या आसपास फवारणी टाळावी, अन्यथा झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. अन्न व भांडी झाकणे, खोली हवेशीर करणे आणि डब्यावरील सूचना पाळणे आवश्यकच आहे.