ऑफिसचा लॅपटॉप स्लो आहे? आधी हे तपासा

ऑफिसने दिलेला लॅपटॉप रडत चालतोय? नुसती कुरकुर नको, पुरावा गोळा करा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर परफॉर्मन्स टॅबमध्ये ती एचडीडी आहे की एसएसडी ते बघा. एचडीडी असेल तर एसएसडी बसवल्यावर मोठा फरक पडतो. स्क्रीनशॉट काढून आयटी टीमला पाठवा. आकडे दिसले की तक्रार टाळणं अवघड जातं. तोवर नको असलेले टॅब बंद ठेवा. पण लॅपटॉप कंपनीचा आहे: स्वतः उघडू नका, अँटिव्हायरस बंद करू नका आणि वैतागून ऑफिसच्या फाइल्स स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नका. त्यात नोकरीही जाऊ शकते.