मूळ पापाचा वाद : ऑगस्टीन, पेलॅजियस आणि तारणापूर्वीचा मनुष्य

ख्रिस्ती धर्मविचारात तारणाची कल्पना मध्यवर्ती आहे. म्हणूनच तारणापूर्वी मनुष्य कोणत्या अवस्थेत असतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मनुष्य पापे करतो म्हणून पापी ठरतो, की मुळातच पापी असल्यामुळे त्याच्या हातून पापे घडतात? यांपैकी दुसरे उत्तर ख्रिस्ती धर्माने आरंभापासून एकमुखाने दिले, असे आपल्याकडे बहुधा गृहीत धरले जाते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. पाश्चात्त्य चर्चमध्ये या उत्तराला निश्चित रूप आले ते मुख्यतः इ. स. ४११ ते ४३१ या वीस वर्षांतील एका कडव्या वादातून. आणि त्या वादात शास्त्रवचनाइतकाच वाटा एका रूढ विधीचा, एका भाषांतराचा आणि राजसत्तेचा होता. प्रस्तुत निबंधात त्या वादाचा मागोवा घेतला आहे.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने इ. स. ४००च्या सुमारास आपले आत्मनिवेदन पूर्ण केले. त्यात आईच्या दुधासाठी दुसऱ्या बाळाचा मत्सर करणाऱ्या तान्ह्या मुलाचे निरीक्षण आहे आणि भूक नसताना केवळ मौजेखातर केलेल्या नासपतींच्या चोरीची कबुलीही आहे. देव जी आज्ञा करील ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाची प्रार्थना याच ग्रंथात येते. रोममध्ये कोणा बिशपाने ती उद्धृत करताच पेलॅजियस संतप्त झाला, ही हकीकत ऑगस्टीननेच उत्तरायुष्यात नोंदवली आहे. पेलॅजियस हा मूळचा ब्रिटनमधील तपस्वी. रोमच्या उच्चकुलीन ख्रिस्ती वर्तुळात त्याच्या शब्दाला मान होता. देव न्यायी आहे, तो अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. अर्थात पाप न करण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या ठायी असलेच पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. दुर्बलतेची सबब सांगून शिथिल जगणाऱ्यांविषयी त्याला चीड होती. उत्तरकालीन लेखकांनी त्याला अहंकारी ठरवले असले, तरी त्याची प्रेरणा नैतिक कळकळीची होती, हे मान्य करावे लागते.

४१० मध्ये अलॅरिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले आणि अनेक निर्वासितांबरोबर पेलॅजियस व त्याचा अनुयायी सेलेस्टियस आफ्रिकेत आले. आदामाच्या पापाने केवळ आदामाचीच हानी झाली आणि नवजात अर्भक पतनापूर्वीच्या आदामाच्या अवस्थेत असते, असे मत मांडल्याच्या आरोपावरून ४११ मध्ये कार्थेज येथे सेलेस्टियस दोषी ठरला. येथे ऑगस्टीनच्या हाती एक प्रभावी युक्तिवाद आला. आफ्रिकेत अर्भकांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा रूढ होती व तिला सेलेस्टियसचाही विरोध नव्हता. बाप्तिस्मा जर पापक्षमेसाठी असेल, तर ज्याने अजून काहीच केलेले नाही त्या अर्भकाला क्षमा कशाची? स्वकृत पाप नसेल, तर ते वंशागतच असले पाहिजे. विधी आधी आणि त्याचा सिद्धान्त मागाहून, असा हा क्रम धर्मेतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

शास्त्राधार होता रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचा. तेथील मूळ ग्रीक शब्दप्रयोगाचा सरळ अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा होतो. लॅटिन पाठात मात्र तो ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत असे. ‘ज्याच्यात’ म्हणजे आदामात, हा अन्वय ऑगस्टीनला आधीच्या एका लॅटिन भाष्यात मिळाला व त्याने तो स्वीकारला. सर्व मानवजात आदामाच्या ठायी सामावलेली होती आणि त्याच्या अपराधात सहभागी झाली, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ग्रीक पाठाकडे लक्ष वेधले, तोवर अकराशे वर्षे लोटली होती. केवळ या एका शब्दावर सिद्धान्त उभा होता असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल.

मराठी वाचकाला येथे ‘पाप’ हा शब्द अडवतो. आपल्या भाषेत पाप घडते, ते केले जाते, त्याचा घडा भरतो; म्हणजे ते कृत्य असते आणि कर्त्याचेच असते. ‘आदिपाप’ किंवा ‘मूळ पाप’ म्हणताना कृत्यवाचक शब्दाने अवस्था सांगावी लागते. पूर्वजन्मीचे कर्म हा पर्यायही ऑगस्टीनला चालला नसता. ४१५ मध्ये जेरोमला लिहिलेल्या पत्रात त्याने आत्म्यांनी पूर्वायुष्यात पाप केल्याची कल्पना नाकारली आहे. याच पत्रात अर्भकांच्या यातनांचे कोडे आपल्याला सुटत नाही, असे तो कबूल करतो.

वादाचा निकाल केवळ युक्तिवादाने लागला नाही. डिसेंबर ४१५ मध्ये पॅलेस्टाईनमधील डायोस्पोलिस येथे चौदा बिशपांच्या सभेने पेलॅजियसला निर्दोष ठरवले. आफ्रिकी बिशपांच्या आग्रहावरून ४१७ च्या आरंभी पोप इनोसंटने त्याचा निषेध केला. त्याच वर्षी नवे पोप झोसिमस यांनी प्रकरण पुन्हा उघडून अनुकूलता दाखवली. अखेर ३० एप्रिल ४१८ रोजी सम्राट होनोरियसने पेलॅजियस व सेलेस्टियस यांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला, दुसऱ्याच दिवशी कार्थेजच्या परिषदेने त्यांच्या मतांचा धिक्कार केला आणि झोसिमस यांनीही मत बदलले. आफ्रिकी बिशपांनी दरबारी ऐंशी घोडे लाच म्हणून पाठवल्याचा आरोप पुढे एक्लॅनमचा बिशप ज्युलियन याने केला. आरोप प्रतिपक्षाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

निषेधपत्रावर सही नाकारणाऱ्या अठरा इटालियन बिशपांत हा ज्युलियन अग्रणी होता आणि ऑगस्टीनचा सर्वांत समर्थ प्रतिवादीही तोच. दुसऱ्याच्या अपराधासाठी अर्भकाला शिक्षा देणारा देव न्यायी कसा? विवाह ईश्वरनिर्मित असेल, तर त्यातून जन्मणारे मूल दोषी कसे? ऑगस्टीनचे उत्तरही न्यायाच्याच आधारावर होते. तान्ही मुले आजारी पडतात, तडफडतात, मरतात. ती सर्वस्वी निर्दोष असतील, तर न्यायी देवाच्या राज्यात हे घडतेच कसे? दोघेही ईश्वराच्या न्यायाचा बचाव करीत होते, आणि एकाचा बचाव दुसऱ्याला ईश्वरनिंदा वाटत होता. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांना शिक्षा होईल, पण ती सर्वांत सौम्य असेल, येथवर ऑगस्टीन आला. त्यापलीकडे त्याचे तर्कशास्त्र त्याला जाऊ देईना. ज्युलियनला उत्तर देणारा शेवटचा ग्रंथ अपुरा असतानाच, व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातलेला असता, २८ ऑगस्ट ४३० रोजी तो मरण पावला. पुढच्याच वर्षी एफेससच्या परिषदेने सेलेस्टियसच्या अनुयायांचा निषेध केला.

पौर्वात्य चर्चनेही हा निषेध मान्य केला, पण ऑगस्टीनचा सिद्धान्त आत्मसात केला नाही. आदामाकडून मर्त्यता व विकृती वारशाने येते, दोष नव्हे, हा तेथील कल कायम राहिला. पश्चिमेत ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने कृपेची अपरिहार्यता मान्य केली. १५३०च्या ऑग्सबर्ग निवेदनात ल्यूथरपंथीयांनी पेलॅजियसच्या अनुयायांचा पुन्हा निषेध केला आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने मूळ पापावर स्वतंत्र निर्णय दिला. बाप्तिस्म्यानंतर उरणाऱ्या वासनेला खऱ्या अर्थाने पाप म्हणावे की नाही, यावर मात्र दोन्ही पक्षांचे जुळले नाही. अर्भकांचा प्रश्नही मिटला नव्हता. एप्रिल २००७ मध्ये कॅथोलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे म्हटले. निश्चित ज्ञान असल्याचा दावा मात्र त्यातही केलेला नाही.